डब्यात एक मुलगी रडत होती

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

सकाळची वाशी लोकल, लेडीज डबा, नेहमीची गर्दी. दिघा गाव गेलं आणि माझं लक्ष गेलं, खिडकीशी एक मुलगी बसली होती, विशी-बाविशीची असेल, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, आणि ती रडत होती. नुसतं डोळे पुसणं नाही, ओढणीचा बोळा तोंडाशी धरून हुंदके देत होती. मी दारापाशी अडकलेली, मध्ये पाय ठेवायला जागा नाही, म्हणून ओरडले, "अहो, त्या खिडकीतल्या मुलीला बघा जरा, काय होतंय विचारा तिला!" एकीनेही मान वर केली नाही, कशी करणार, सगळ्यांच्या कानात बोंडकं. तिच्या अगदी मांडीला मांडी लावून बसलेली बाई कुणाच्या तरी डोहाळजेवणाचा व्हिडिओ बघत होती, अंगठा वर, पुढचा, परत अंगठा वर.

ऐरोलीला टिकल्या-क्लिपा विकणारी मावशी चढली. तिने आत येता येताच बघितलं, सगळा माल वरच्या कडीला अडकवला आणि "काय गं बाय, काय झालं?" म्हणत गर्दीतून घुसली पण. स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. मुलगी तिच्या कानाशी काहीतरी बोलली, आणि मावशी कोपरखैरणे येईपर्यंत तिची पाठ चोळत राहिली. तेवढ्या वेळात तिची एक क्लिप विकली गेली नाही.

मी २००४ ला ही ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लाईन सुरू झाली तेव्हापासून या लाईनवर आहे. आमच्या डब्यात मटार सोलले जायचे, मेथी निवडली जायची, कुणाच्या सासूचं ऑपरेशन कधी आणि कुणाच्या मुलीला बघायला कोण येतंय हे सगळ्यांना पाठ. भांडणंही व्हायची हो, तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून तर कडाक्याची. पण त्या डब्यात एखादी रडत बसलीय आणि कुणाला पत्ता नाही? शक्यच नव्हतं!

माझा भाचा आयटीत आहे, त्याने मागे सांगितलं होतं की फोनवर हे जे अंगठ्याने खाली खाली जात राहतं आणि संपतच नाही, ते २००६ साली एझा रास्किन नावाच्या माणसाने काढलं, आणि पुढे त्यानेच जाहीरपणे सांगितलं की याचा त्याला पश्चात्ताप होतो. पूर्वी पान संपायचं तेव्हा माणूस थांबायचा. आता थांबायची जागाच काढून टाकलीय. २०१६ ला जिओ आलं, डेटा पाण्यासारखा झाला. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा मला वाटलं सुटलो एकदाचे, तर जुलैमध्ये रील्स हजर. म्हणजे त्या डोहाळजेवणवाल्या बाईवर मी किती चिडू? पहाटे उठून डबे भरून, पोरांना शाळेत धाडून, धावत गाडी पकडलेली असते तिने. दिवसातला तेवढाच काय तो वेळ तिचा स्वतःचा. मान्य आहे मला. कानात काहीतरी असलं की नको त्या चौकशा टळतात, हेही मान्य. आणि फोनवर लोकलच्या वेळा सांगणारं ते एम-इंडिकेटर नसेल तर माझीही सकाळ बोंबलते.

पण तरीही. शेजारच्या बाईचा खांदा हुंदक्याने हलतोय, तुमच्या खांद्याला लागतोय, आणि तुम्हाला कळत नाही?? याला मी करमणूक म्हणणार नाही. माणूस शेजारी असून नसल्यासारखा करून टाकलाय या फोनने, आणि आपण रिचार्ज मारून ते विकत घेतोय.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं बोलत बसतात. अख्खं गाव ठरवू शकतं. ठाणे ते वाशी अर्धा तास, आपल्याला तेवढंही जमू नये?

ती मुलगी तुर्भ्याला उतरली. उतरताना मावशीला म्हणाली, "येते हं." मावशी म्हणाली, "खाऊन घे आधी काहीतरी." झालं, एवढंच. पण मला दिवसभर ऑफिसात काम सुचलं नाही.

तर आपल्या डब्यातल्या ज्या जुन्या मैत्रिणी हे वाचताय त्यांच्यासाठी, या दसऱ्याला डबा सजवायचाय, पूर्वीसारखा. हार-तोरणं जांभळी नाक्यावरून मी आणते, वर्गणी पण मीच गोळा करते. ठाण्याला गाडी लागली की सगळ्यांनी दहा मिनिटं आधी यायचं, नवीन मुलींना ओढून आणायचं, आणि क्लिपवाल्या मावशीला हळदीकुंकू पहिलं. कोण कोण येतंय ते खाली सांगा, रांगोळीचे स्टिकर कुणाकडे असतील तर तेही.