श्रद्धा ठेवली म्हणजे अक्कल गहाण टाकली?

सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरातल्या ग्रुपांवर नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीत पेलून नेल्या जाणाऱ्या उंच काठ्यांच्या, फोटोखाली श्रद्धेला अविवेकी ठरवणारा तीन विधानांचा एक मजकूर फिरू लागतो. त्यातल्या तिन्ही विधानांना उत्तर द्यायला हवं.

‘पुराव्याशिवाय मानणारा माणूस विवेकी नसतो.’ हे १८७७ मध्ये इंग्लंडचे गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी फार ताकदीनं मांडलं. त्यांच्या उदाहरणातला जहाजमालक मोडकळीला आलेलं जहाज धडधाकट आहे अशी मनाची समजूत घालतो आणि प्रवाशांसह समुद्रात सोडतो. तो दोषीच. पण त्याला तपासणी करता येत होती आणि शंकेला कारणही होतं. आयुष्यातले सगळे प्रश्न असे नसतात. पुरावा कौल देत नाही आणि निर्णय तर टाळता येत नाही, तिथे थांबून राहणं हाही निर्णयच, असं अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये उत्तर दिलं. शिवाय काही गोष्टी आधी विश्वास टाकल्याशिवाय घडतच नाहीत. बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणारा माणूस बघा. काठी झुकली तर सोबतचे सावरतील, याचा सरावातून त्याला अंदाज आलेला असतो, खात्री नव्हे. धाकधूक धरून पाऊल टाकलं तर तोल तिथेच जायचा. यातून देव सिद्ध होत नाही, माझा तसा दावाही नाही. पण असा विश्वास टाकणाऱ्याला अविवेकी म्हणता येणार नाही.

‘विज्ञान कशावरच विश्वास ठेवत नाही.’ साफ चूक. युरेनसची कक्षा न्यूटनच्या गणितात बसेना, तेव्हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी न्यूटनला सोडलं नाही. न दिसलेला ग्रह गृहीत धरला. १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतला फरकही त्यांनी तसाच, आणखी एक न दिसलेला ग्रह गृहीत धरून सोडवायला घेतला, पण तो ग्रह कधी सापडलाच नाही. १९१५ मध्ये आइन्स्टाइननं वेगळं उत्तर दिलं आणि शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं. भरवसा धरणं आणि वेळ आली की सोडणं, दोन्ही विवेकाचंच.

‘मग भोंदूबाबाही चालवून घ्या.’ का म्हणून? महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना हात लावलेला नाही. साप चावलेल्या माणसाचे उपचार अडवून मंत्रतंत्र करणं मात्र गुन्हा ठरवलं. सर्पदंशावर प्रतिविषाचं इंजेक्शन आहे, ते जीव वाचवतं हे माहीत आहे. तिथे पुरावा समोर असतो, आणि तो डावलणाऱ्याला जेम्सचं बोट धरता येणार नाही.