पेपर अमर, कोड नाशवंत

अभिनंदन! जर्नलने तुमचा संशोधनाचा पेपर स्वीकारला. आता रिव्ह्यूअरची एकच किरकोळ मागणी उरली आहे: पेपरातले आकडे ज्या प्रोग्रॅमने काढले, त्याचा कोड उपलब्ध करा. घाबरू नका. कोड उपलब्ध असणं वेगळं आणि तो कुणाला सापडणं वेगळं. या दोहोंमधल्या फटीत कैक जण सुखाने प्राध्यापक झाले आहेत.

सगळ्यात सोपं म्हणजे ‘रास्त विनंती केल्यास कोड दिला जाईल’ असं लिहून मोकळं व्हा. विनंती रास्त की आगाऊ, हे तुम्हीच ठरवणार. संपर्काला विद्यापीठाचा ईमेल द्या. पीएचडी संपली की तो बंद पडतो, नकार कळवायचेही कष्ट नाहीत.

जर्नल हट्टालाच पेटलं तर गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटची लिंक द्या. नुसती लिंक, आवृत्तीला नाव देणारा टॅग नको, नेमकी नोंद दाखवणारा कमिटचा क्रमांक तर मुळीच नको. दोन वर्षांनी कुणी तिथे पोहोचलाच, तर पेपरातल्या आकड्यांचा कोड कुठला आणि नंतरच्या प्रोजेक्टचा कुठला, हे त्यानेच शोधावं. लिंक कायम राहते यावर श्रद्धा ठेवा. गूगल कोड या तशाच वेबसाइटवर लोकांनी ठेवलीच होती. २०१५ मध्ये ते बंद होणार असं जाहीर झालं आणि जानेवारी २०१६ मध्ये टाळं लागलं. बिटबकेट या आणखी एका वेबसाइटने २०२० मध्ये मर्क्युरियल प्रणालीत ठेवलेल्या रिपॉझिटऱ्यांना, म्हणजे कोडच्या साठ्यांना, निरोप दिला. पण त्या सगळ्या इतरांच्या लिंका होत्या.

झेनोडो या संशोधनाच्या ऑनलाइन संग्रहापासून मात्र चार हात लांब राहा. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून ते २०१३ पासून चालतं आणि फुकट आहे, म्हणजे ‘बजेट नाही’ ही सबबही गेली. गिटहबचं खातं जोडायचं, रिपॉझिटरीसमोरचं बटण सुरू करायचं, रिलीज, म्हणजे ठरावीक आवृत्ती, काढायचं. तेवढ्यावर ते त्या घटकेचा कोड जपून ठेवतात आणि वर डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, देतात. प्रत्येक आवृत्तीला वेगळा, शिवाय सगळ्या आवृत्त्यांना मिळून एक. उद्या कुणी नेमकी तीच आवृत्ती उतरवून तुमचा आलेख पुन्हा काढला, तर तोंड कुठे लपवाल?

इन्रिया या फ्रान्सच्या संगणक संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जगापुढे आणलेलं सॉफ्टवेअर हेरिटेज हे कोडचं संग्रहालय तर त्याहून आगाऊ. ते सार्वजनिक कोड न विचारताच गोळा करतं, आणि ओळखक्रमांक कोडच्या मजकुरावरूनच काढतं. एक स्वल्पविराम हलला तरी क्रमांक बदलतो. ‘हाच कोड होता हो’ म्हणायची सोय उरली नाही.

शिवाय डीओआय काढायचा तर लेखकांची नावं भरावी लागतात. कोड कुणी लिहिला हा प्रश्न लॅबमध्ये कशाला उकरून काढायचा? ज्युनिअरचं नाव पेपराच्या शेवटी आभारात आहे, तिथे ते छान दिसतं.

लायसन्सची, म्हणजे इतरांना वापराची परवानगी देणारी, फाइल टाकू नका. ती नसली की सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात: काचेच्या कपाटातला फराळ, बघा पण खाऊ नका.

कोडने वापरलेल्या लायब्ररींच्या, म्हणजे इतरांच्या तयार कोडच्या, आवृत्त्या आणि ऑपरेटिंग सिस्टिमची नोंद ठेवू नका. २०१४ मध्ये काही रसायनशास्त्रज्ञांनी एनएमआर या रेणूंची रचना ओळखायच्या तंत्राच्या गणितासाठी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या स्क्रिप्ट प्रसिद्ध केल्या. फाइली ठरावीक क्रमानेच वाचल्या जातील असं त्यांनी गृहीत धरलं होतं; तो क्रम ऑपरेटिंग सिस्टिमगणिक बदलत होता आणि त्याबरोबर उत्तरही. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी हे उघड केलं. धडा घ्या: कोड छापला म्हणून चूक सापडली. तो लॅबच्या कपाटात राहिला असता, तर आजही प्रत्येक कॉम्प्युटरवर उत्तर बरोबर आलं असतं, ज्याचं त्याचं.

इतकं करूनही संपादक ऐकेनात, तर कोड पीडीएफमध्ये जोडा, ओळींच्या क्रमांकांसकट. पायथनमध्ये ओळीआधीच्या रिकाम्या जागेलाही अर्थ असतो, आणि पीडीएफमधून कॉपी करताना बहुधा तीच गळते. जर्नलने कोड मागितला होता, तुम्ही दिलात. तो चालला पाहिजे असं कुठल्या नियमात लिहिलं होतं?