लेमन थाईम आणि आमचं एकुलतं काचेचं कौल

कोकणात झाड लावायला अक्कल लागत नाही, असं आमच्या वहिनीचं ठाम मत आहे. फणसाची आठळी परसात भिरकावली की पुढचं तिचं ती बघते. अशा मुलखात, मालवणजवळच्या आमच्या गावी, निवृत्त होऊन आलेला चाकरमानी कुंडीतल्या वीतभर झुडपापुढे काळजीत बसलेला दिसला, तर लोक थांबणारच.

ते झुडूप म्हणजे लेमन थाईम, लिंबाच्या वासाच्या पानांचं. त्याचं कूळ भूमध्य समुद्राकडचं. तिकडचे उन्हाळे कोरडे, जमीन खडकाळ, चुनखडीची. रोज सहा तास ऊन हवं, मुळाशी पाणी साचता कामा नये, दमट हवा नको. आमच्याकडे वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभ्याची आम्लधर्मी माती आणि डब्यातल्या पापडालाही घाम फोडणारी हवा. पत्रिका कुठेच जुळत नव्हती. पण मुलीने पुण्याच्या नर्सरीतून हौसेने आणलेलं, नाही कसं म्हणणार?

मातीचा प्रश्न तिसऱ्यांच्या शिंपल्यांनी सोडवला. जेवणानंतरची शिंपलं धुऊन, वाळवून, कुटून नदीच्या वाळूत मिसळली. चुना मिळाला, पाणीही झरझर उतरू लागलं. (समुद्राची वाळू फुकट, पण खारट.) लोकांच्या मायेवर मात्र उपाय सापडेना. येणारा-जाणारा कोरडी कुंडी बघून कळवळायचा आणि तांब्याभर पाणी ओतायचा. वहिनीने माझी पाठ वळताच ओंजळभर शेणखत घातलं. हे झाड जरा उपाशी ठेवलं तरच वास धरतं, असं तिला समजावलं. तेव्हापासून ती माझ्या ताटात न विचारता भाताची एक जादा मूद वाढते.

मग मृग लागला. पडवीत झड येते, मागच्या दारी धुणं. कोरडेपणा आणि उजेड दोन्ही असलेली घरात एकच जागा: माजघरात काचेच्या कौलाखाली पडणारा तो उजेडाचा चौकोन. पण त्यावर आधीपासून आमसुलांचं सूप, नातवाचे चार दिवस न वाळलेले शाळेचे मोजे, पेपर वाचणारा दादा आणि मांजर असे हक्कदार होते. मी वाटाघाटी केल्या. मोजे अर्धा चौकोन सोडायला तयार झाले, दादा सकाळी नऊनंतर उठायला. मांजराने चर्चेलाच नकार दिला. शिवाय ऊन पडलंच, तर चौकोन जमिनीवरून सरकत जातो आणि त्याच्यामागून कुंडी घेऊन मी. पानांना बुरशी धरू नये म्हणून टेबलफॅन लावला. पावसात आमच्याकडे वीज किती वेळ असते, हे वेगळं सांगायला नको. वीज गेल्यावर दादाच्या पेपराने झाडाला वारा घालताना शेजारच्या काकींनी मला पाहिलं. त्या हळूच वहिनीला म्हणाल्या, "रिटायर झाल्यार व्हता असा."

बरं, एवढं करून पान किती, तर नखाएवढंही नाही. चार काड्या ओरबाडल्या की कसाबसा अर्धा चमचा भरतो. तरी एका रविवारी बांगडे लोण्या-लसणीवर परतले, उतरवताना वरून पानं घातली. आधी घातली तर वास उडून जातो. बायकोने चांगलं म्हटलं, म्हणजे तिला माझी दया आली असावी. दादाने मासा उलटापालटा करून विचारलं, "तिरफळां खंय?"

वहिनीने एक पान चुरगळून हुंगलं आणि निकाल दिला, "गवती चायत ओवो पडलोसा." पंचाईत अशी, की बाई बरोबर बोलत होती. याचा लिंबासारखा वास ज्या सिट्रलचा, तेच गवती चहात असतं. आणि साध्या थाईमचा उग्रपणा ज्या थायमॉलचा, ते ओव्यात. तिचा गवती चहा न्हाणीच्या सांडपाण्यावर कमरेएवढा वाढलाय. त्याला कोणी कधी वारा घातला नव्हता.

गणपतीपर्यंत झाड तगलं. त्यातली एक लांब, कोवळी फांदी मी नवीन रोपासाठी राखून ठेवली होती. झाड बियांतून तसंच येईल याचा भरवसा नाही, फांदीच लावावी लागते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाहतो तर फांदी गायब. ती माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीला, लटकत होती, कवंडळ आणि नारळाच्या मधोमध, सुतळीने घट्ट बांधलेली. आता गणपतीच्या डोक्यावरची वस्तू परत मागणार कशी? आरतीला आलेला प्रत्येक जण मान वर करून विचारी, हे काय म्हणून. वहिनी माझ्याकडे बोट दाखवून सांगे, "आमच्या भावजींचो ओवो. गावात दुसऱ्या कोणाकडे नाय."