इंच मोजताना स्क्रीनचं प्रमाणही बघा

फोन घेताना सिनेमे आणि गेमसाठी ६.७ इंचांहून मोठी स्क्रीन घ्या, असा सल्ला एका लेखात वाचला. पण इंच तिरके मोजतात, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. हल्लीचे फोन लांबट, लांबी-रुंदीच्या साधारण २०:९ प्रमाणाचे आणि यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ १६:९. त्यामुळे ६.८ इंची फोनवर चित्र भरतं जेमतेम ५.७ इंच, बाकी दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. झूम केलं तर वरखालचं चित्र कापलं जातं.

अँड्रॉइड फोनमध्ये वाइडवाइन एल१ (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या सुरक्षेची वरची पातळी) आहे ना, हे दुकानदाराला विचाराच. ते नसेल तर नेटफ्लिक्स एचडीत दिसत नाही, मग डिस्प्ले कितीही भारी असो.

गेमिंगचं म्हणाल, तर १२० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या स्क्रीनला, भुलू नका. प्रोसेसरने आणि गेमनेही सेकंदाला तेवढ्या फ्रेम (चित्रं) द्यायला हव्यात. पहिली पाच मिनिटं बहुतेक फोन छान पळतात. पण बीजीएमआयसारखा (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) जड गेम तासभर चालला, फोन तापला, की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो आणि ऐन मोक्याच्या क्षणी खेळ अडखळतो. विदर्भातल्या मे महिन्यात तर विचारूच नका! म्हणून सलग अर्धा तास खेळून केलेला रिव्ह्यू शोधा, बेंचमार्कचे (वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे) आकडे नंतर.