सेंट लुशियाला उतरलात तर केळीच्या बागा जरूर बघा

भाऊ आणि वहिनी, कॅरिबियन क्रूझवरच्या तुमच्या निवांत दिवसांचा लेख आम्ही दोघांनी मिळून वाचला. 'एवढे पैसे घालून नुसतं डेकवर बसायचं?' असं वरच्या प्रतिक्रियांमध्ये काहींनी विचारलंय. मला ते पटत नाही. बंदर नसलेला दिवस हाच अशा सहलीचा खरा आनंद. आमच्या रावेर-यावल भागात नवरा-बायको दोघंही केळीत राबतात. दुपारभर एकमेकांशेजारी काही न करता बसणं कुणाच्या वाट्याला येतं?

फक्त एक विनंती. पुढच्या वेळी जहाज सेंट लुशिया या कॅरिबियन बेटाच्या कॅस्ट्रीज बंदराला लागलं, तर दक्षिणेला रोझोच्या खोऱ्यात जा. तिथे केळीच्या घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या दिसतील. निर्यातीच्या मालाला आपल्याकडेही आता अशीच पिशवी, म्हणजे स्कर्टिंग बॅग, घालतात. त्या बेटाची केळी वर्षानुवर्षं ब्रिटनला जायची. ऑक्टोबर २०१० मध्ये टोमास चक्रीवादळाने तिथल्या बागा आडव्या केल्या. मे-जूनच्या वादळात आमच्याकडे बाग झोपते तेव्हा घरात जी शांतता पसरते, ती तिथल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असणार. त्याच्याशी दोन शब्द बोला, माल कसा जातो ते विचारा.

बाकी ज्यांना जायचंय त्यांनी डिसेंबर ते एप्रिल बघा. जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचा हंगाम असतो. आमचाही विचार आहे, कापणी आटोपली की.