सात वर्षं कमी पडली

"मास्तर, तुमचं अक्षर चांगलं हाये," असं कोणी दारात येऊन म्हटलं की आपण उद्याच नागपूरला चाललो, असं सांगून मोकळं व्हावं. एवढी अक्कल मला रिटायर झाल्यावरही आली नाही. मी "कशासाठी?" असं विचारलं, आणि तिथंच फसलो.

गावच्या नाट्य मंडळाचा सुवर्णमहोत्सव. त्याची स्मरणिका. आणि स्मरणिकेत मंडळाचा इतिहास. "दोनच तं पानं हायेत जी," अध्यक्ष म्हणाले, "बाकी साऱ्या जाहिरातीच हायेत."

आमचं गाव वडशाच्या बाजूचं, म्हणजे ऐन झाडीपट्टीतलं, पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातलं. भाऊबीज झाली, धान घरात आलं की कुठं मंडई म्हणजे जत्रा भरते, कुठं शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. ते दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. आधी संपलं तर लोकांना तिकिटात खोट आल्यासारखी वाटते. पाहुणे येतात, वडे तळले जातात, सोयरिकी जुळतात. अशा मुलखात नाटकाचा इतिहास लिहायला काय लागतं, असं मला वाटलं होतं.

पहिल्या दिवशी मी थाटात सुरुवात केली. "१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा प्रयोग केला आणि मराठी रंगभूमीचा..." अध्यक्षांनी कागद हातातून घेतला. "सांगलीचं कायले लिवता जी? तिथचा कोनी वर्गनी देते काय आपल्याले?" भावे गेले.

मग मी जुन्या मंडळींना भेटायला निघालो. आमच्याकडे तोंडी इतिहासाचा दर ठरलेला आहे, माणशी एक चहा आणि एक खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. खर्रा घोटून तोंडात गेल्याशिवाय कोणालाच काही आठवत नाही, आणि गेल्यावर आठवलेलं बोलता येत नाही. तीन दिवसांत माझ्या वहीत पानभर खुणा आणि पानठेल्यावर एकशे ऐंशी रुपये उधारी झाली.

पहिला प्रश्न, मंडळ सुरू कधी झालं. एक काकाजी म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात. "सुकडी खाऊन पाठांतर केलं आमी." दुसरे म्हणाले, छे, आणीबाणीत. नसबंदीवाले पकडतील या धास्तीनं पहिल्या प्रयोगाला बाप्ये आलेच नव्हते, फक्त बायका आणि पोरं होती, आणि म्हणूनच तो प्रयोग शांततेत पार पडला. तिसऱ्यांना साल नको होतं, त्यांना संस्थापक हवा होता. त्यांच्या बापानं रंगमंचासाठी घराचं दार काढून दिलं होतं, ते परत आलं तेव्हा त्याला भोक पडलेलं होतं. "मंग संस्थापक कोन झाला?" हे त्यांनी मला दारातल्या त्या भोकावर बोट ठेवून विचारलं. तशा बैलबंड्यांच्या फळ्या तर अर्ध्या गावानं दिल्या होत्या. त्या हिशोबानं संस्थापकांची यादीच दोन पानं खाते.

२०२३ साली आपल्या जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हापासून तर काम आणखीच अवघड झालंय. ज्यानं एकदा भालदार म्हणून "महाराजांचा विजय असो" एवढंच म्हटलं, तोही आता मला फोटो पासपोर्ट साइजचा चालेल का विचारतो.

या सगळ्या गोंधळात एकच घटना अशी सापडली की जिच्याबद्दल साऱ्या गावाचं एकमत आहे. तेव्हा बायांची कामं बाप्येच करत. आमचे हिरोईन काकाजी (गाव अजून त्यांना याच नावानं ओळखतं, त्यांच्या नातवाच्या लग्नपत्रिकेतही तेच छापणार होते) शेवटच्या अंकात विष पिऊन मरायचे. अंगावर लुगडं होतं काकीच्या माहेरचं, आणि काकी पुढच्या रांगेत गोणपाटाची बोरी टाकून बसलेली. काकाजींनी पेला तोंडाला लावला, गुडघे वाकवले, आणि गॅसबत्तीच्या उजेडात काकीचा आवाज आला, "आवो, लुगडं मातीत जाते न जी!" काकाजी जिथल्या तिथं थांबले. मग बासनात गुंडाळल्यासारखे पदर सावरून उभ्यानंच मेले. नायकानं त्या उभ्या प्रेताच्या खांद्यावर डोकं ठेवून विलाप केला. लोक रडले. "थे उभीच मेली," एवढं वाक्य मला अकरा घरांत अकरा जणांनी सांगितलं, एका शब्दाचा फरक नाही. इतका पक्का साक्षीपुरावा कोर्टातही मिळत नाही.

बाकीचं लवकर सांगतो. एका वर्षी प्रॉम्प्टर झोपला आणि दुसरा अंक दोनदा झाला. ज्यांचा तो पहिल्यांदा झोपेत गेला होता त्यांची सोय झाली. पुढं नायिका बाहेरून यायला लागल्या, मग नायक, आणि शेवटी अख्खं नाटकच वडशाहून. तिथं नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत. जायचं, तारीख बुक करायची, बयाना द्यायचा. आता आमचं मंडळ मंडप घालतं, तिकिटं फाडतं आणि तोटा सोसतं. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा पटासाठी येणारं गिऱ्हाईक गेलं, आणि त्या वर्षांच्या जमाखर्चाच्या वहीत फक्त खर्चाचीच बाजू भरलेली आहे. पट पुन्हा सुरू झाले तेव्हा आमचा कोषाध्यक्ष बैलांपेक्षा जोरात पळाला म्हणतात.

आणि मग जुन्या पडद्याच्या घडीत मला ते पांपलेट सापडलं. पिवळं पडलेलं, कडा उंदरांनी नेलेल्या. वर ठळक अक्षरात "वर्ष पहिले". साल नव्हतं, तिथी होती. पण गावाच्या नावाखाली छापलं होतं, "जि. गडचिरोली".

मी ते घेऊन अध्यक्षांकडे धावलो. म्हटलं, गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी आपण चंद्रपूर जिल्ह्यात. म्हणजे मंडळ त्यानंतरचं. सुवर्णमहोत्सव लवकरात लवकर २०३२ मध्ये.

अध्यक्षांनी पांपलेट उलटून पाहिलं. "छापनाऱ्याची चूक असन."

"जिल्हा व्हायच्या आधीच त्यानं चुकून नवा जिल्हा छापला?"

"हुशार असन." मग ते जरा गप्प झाले. समोर भिंतीला टेकवून फ्लेक्स ठेवला होता, पंधरा बाय दहाचा, सोनेरी अक्षरात पन्नास. "मास्तर, सात वर्षं थांबता येते जी. पन ज्यायचा सत्कार करायचा हाये, थे थांबतीन काय? हिरोईन काकाजी अठ्ठ्याहत्तरचे हायेत."

मी पांपलेट घडी करून खिशात ठेवलं. रात्री बसून मंडळाची स्थापना १९७५ सालची लिहून काढली. सुकडीही घातली, नसबंदीही घातली, दारही घातलं.

दुसऱ्या दिवशी मजकूर वाचून दाखवायला हिरोईन काकाजींकडे गेलो. ते ओसरीवर धानाच्या पोत्याला टेकून बसले होते. उभ्यानं मेल्याचा परिच्छेद ऐकून त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, एक काम करसान? मी पडलो, असं लिवा न."

"काकाजी, साऱ्या गावानं पाहिलंय..."

"साल बदलवलं म्हनते तुमी. मंग माहं मरन कायले नाही बदलवत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात आतून, चुलीपासून, काकीचा आवाज आला.

"पडले असते तं घरात घेतलं असतं काय मी? लिवा मास्तर, उभीच मेली."