आमच्या सिस्टरने मध का चाटवू दिला नाही

नमस्कार ताई,

घरी येऊन बाळ-बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या आमच्या सिस्टरच्या सेवेला आपण रिव्ह्यूत दोन स्टार दिलेत, पण कारणं नीट लिहिलीत हे बरं केलंत. सिस्टरने मध चाटवू दिला नाही, शेगडी खोलीबाहेर काढायला लावली, नाळ पडेपर्यंत टबात अंघोळ घातली नाही, वजन २९०० ग्रॅमवरून २७०० वर आलं तरी वरचं दूध दिलं नाही आणि सासूबाईंना उलट उत्तर दिलं. एवढ्या पैशांत दोन मालिशवाल्या आल्या असत्या, असंही आपण म्हणता. आल्या असत्या, नक्कीच.

मधाचं आधी सांगते. सियागंजातून बाळगुटीचं सामान आणायचं, सहाणेवर वेढे घ्यायचे आणि मधात चाटवायचं, हे इंदुरातल्या कितीतरी मराठी घरांत चालतं. माझ्या सासरीही ती सहाण आहे. पण मध घरच्या पोळ्याचा असला तरी त्यात बोटुलिनम जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचं काही होत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी होईनाशी होते, मग रडणं बारीक होतं, दूध ओढवत नाही, मान लुळी पडते. मध गरम करूनही बीजाणू मरत नाहीत. असं क्वचित होतं, पण ज्याच्या घरी होतं तो बाळाला घेऊन आयसीयूत असतो. म्हणून वर्षभर मधाचं बोटसुद्धा नाही, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. गुटी, पाणी, ग्राइपवॉटरही नाही. सिस्टर 'हो' म्हणाली असती तर मी तिला कामावर ठेवलं नसतं.

वजनाची काळजी समजते. २०० ग्रॅम म्हणजे सुमारे ७ टक्के. पहिल्या काही दिवसांत ७ ते १० टक्क्यांपर्यंत वजन उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. म्हणूनच सिस्टर रोज बाळाला काट्यावर ठेवायची आणि ओली दुपटी वहीत मांडायची. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी हवीत. ती वही आपल्याकडेच आहे, जरा उघडून पाहा. त्या दिवसांत डब्याचं दूध सुरू केलं की बाळ अंगावर कमी पितं आणि मग दूधही कमी येऊ लागतं.

शेगडीचं म्हणाल तर थंडीत दारं-खिडक्या लावून निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, आणि त्याला वासही नसतो. ऊब हवीच, त्यासाठी टोपडं, मोजे आणि आईच्या उघड्या छातीशी बाळ. नाळ पडेपर्यंत कोरडी राहायला हवी, म्हणून तोवर ओल्या फडक्याने अंग पुसायचं.

सासूबाईंबद्दल सिस्टरला विचारलं. ती म्हणाली होती, "आजी, मध नको, पण तेल तुम्हीच लावा." हे उलट उत्तर आहे असं मला वाटत नाही. मालिश त्यांनी खुशाल करावी, हलक्या हाताने. फक्त नाकात-कानात तेल आणि डोळ्यांत काजळ नको.

दर आधीच लेखी दिला होता, तो कमी होणार नाही.

दीड महिन्याच्या लसी जवळ आल्या असतील. टोचल्यानंतर त्या मांडीला मालिश करू नका, आणि तापाच्या औषधाचा डोस डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे लिहून घ्या.